ठेसन, ठाणं आणि स्टँड

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी भुसावळ सोडते, खानदेश मागे पडतो आणि वऱ्हाड सुरू होतं. तिथलं पहिलं मोठं स्टेशन मलकापूर. जिल्ह्याचं मुख्यालय बुलढाणा, पण त्या शहराला रेल्वे नाही. म्हणून बुलढाण्याचा प्रवासी मलकापूरला उतरतो, एस.टी. स्टँड गाठतो आणि मोताळ्यावरून राजूरच्या घाटाने वर चढतो.

एवढ्या प्रवासात त्याच्या तोंडी तीन इंग्रजी शब्द येऊन जातात: स्टेशन, स्टँड आणि एस.टी. एस.टी. म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट. त्यातला टी ट्रान्सपोर्टचा, हा योगायोग. पण स्टेट, स्टँड आणि स्टेशन हे तिन्ही शब्द एस आणि टी या जोडीनेच सुरू होतात, हा योगायोग नाही. हे तिघे एकाच घरचे आहेत. आणि त्या घरात आपलीही माणसं राहतात.

मुलं इंग्रजी शब्द पाठ करतात ते सुटे सुटे. स्टेशनचं स्पेलिंग वेगळं, स्टेटचं वेगळं, डिस्टन्सचं वेगळं. एकेक शब्द रेल्वेच्या वाघिणीतून उतरवलेल्या पोत्यासारखा पाठीवर घ्यायचा. खरं तर शब्दांनाही कुळं असतात. एक कूळ ओळखीचं झालं, की पन्नास शब्द आपोआप ओळख देतात. या प्रकरणात आपण असं एकच कूळ पाहू.

उभं राहणं

लॅटिन भाषेत 'उभं राहणे' या अर्थाचं क्रियापद होतं 'स्तारे'. त्यावरून 'स्तातिओ' हे नाम झालं: उभं राहण्याची जागा, मुक्कामाची जागा. तेच फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन स्टेशन झालं. 'स्टँड' मात्र इंग्रजीचा घरचा शब्द. तो लॅटिनमधून आलेला नाही, लॅटिनचा भाऊ आहे.

संस्कृतमध्ये हाच धातू 'स्था'. पाणिनीय धातुपाठ त्याचा अर्थ देतो 'गतिनिवृत्ती', म्हणजे गती थांबणे. गाडीची गती जिथे थांबते ते स्थानक. स्टेशनची याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही.

हे साम्य पहिल्यांदा ठामपणे जगापुढे मांडलं ते विल्यम जोन्स यांनी. कलकत्त्यात न्यायाधीश म्हणून आलेल्या या गृहस्थांनी 1784 मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन केली, आणि 1786 मधल्या व्याख्यानात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य अपघाताने घडण्यासारखं नाही. त्या एकाच उगमातून निघाल्या असल्या पाहिजेत. पुढे फ्रान्झ बोप, याकोब ग्रिम अशा जर्मन अभ्यासकांनी हे नातं नियमांत बसवलं.

ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेला नियम आपल्या विषयाला फार जवळचा आहे. संस्कृतात आणि लॅटिनमध्ये जिथे 'त' आहे, तिथे इंग्रजीत बहुधा टी-एच येतो. 'त्रि'चा थ्री होतो, 'तनु'चा थिन, 'तृषा'चा थर्स्ट. मग 'स्था'चा स्टँड कसा राहिला? तिथे टी-एच का आला नाही? कारण 'त'च्या आधी 'स' होता. 'स'ला चिकटून असलेल्या 'त'वर हा बदल चालला नाही. सुटा 'त' पालटला, जोडीतला 'त' तगला. म्हणून हजारो वर्षांनंतरही एस आणि टी ही जोडी पाहिली की आपल्याला 'स्था' आठवू शकतो.

इराणी भाषांतही हीच जोडी टिकली. फारसीत ठिकाण दाखवणारा 'स्तान' हा प्रत्यय आणि आपलं 'स्थान' ही भावंडं. राजस्थान आणि अफगाणिस्तान या नावांचा शेवट एकाच अर्थाने होतो.

ठेसन म्हणणारा चुकतो का?

वऱ्हाडात जुनी माणसं 'स्टेशन' म्हणत नाहीत. ती म्हणतात 'ठेसन'. "ठेसनावर चाललो" असं म्हणणाऱ्या आजोबांना शाळेत जाणारी नात दुरुस्त करते. तिचा हेतू चांगला असतो, पण आजोबांच्या तोंडून काय घडलं आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

संस्कृतातली 'स्त' आणि 'स्थ' ही जोडाक्षरं प्राकृतात आली तेव्हा त्यांच्यातला 'स' गळाला. पण तो नुसता गेला नाही. 'स' उच्चारताना जी हवा बाहेर पडते, ती तो पुढच्या अक्षराला देऊन गेला. हवा मिळाली की 'त'चा 'थ' होतो आणि 'ट'चा 'ठ'. हस्त, हत्थ, हात. मस्तक, मत्थअ, माथा. पुस्तक, पोत्थअ, पोथी. आणि 'स्थान'चं झालं 'ठाण'. त्यावरून ठाणं, ठाणे. 'स्थापय'पासून ठेवणे आलं. 'उत्' आणि 'स्था' मिळून 'उठणे' झालं. सकाळी मुलाला "ऊठ" म्हणताना आपण 'स्था' धातूच वापरत असतो.

आता 'स्टेशन'कडे पाहा. सुरुवातीचा 'स' गळाला, 'ट'चा 'ठ' झाला, ठेसन तयार झालं. 'स्थान'चं 'ठाण' ज्या रीतीने झालं, त्याच रीतीने. मधे दीड-दोन हजार वर्षं गेली, पण बोलीने आपली सवय सोडली नाही. परका शब्द दारात आला आणि तिने त्याला घरच्या माणसासारखी हाक मारली.

दुसरा उच्चार 'इस्टेशन'. यालाही हसू नये. लॅटिनच्या लेकींनी हेच केलं. स्पॅनिशमध्ये स्टेशनला 'एस्तासिओन' म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये 'स्टेट'च्या आधी 'ए' लागून 'एस्तात' झालं. इंग्रजीने तो शब्द दोनदा घेतला, एकदा 'ए' काढून आणि एकदा ठेवून. म्हणून इंग्रजीत स्टेट आणि इस्टेट असे जुळे शब्द आहेत. दोन्हींचा मूळ अर्थ स्थिती. एकाचं झालं राज्य, दुसऱ्याचं झालं मालमत्ता. वकिलाकडे बसून इस्टेटीबद्दल बोलणारा शेतकरी आणि 'इस्टेशन' म्हणणारा त्याचा शेजारी एकाच वाटेने चालले आहेत. एकाचा उच्चार शब्दकोशात गेला, दुसऱ्याचा गेला नाही, एवढाच फरक.

पहिली गाडी कुठे गेली?

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून भारतातली पहिली प्रवासी गाडी निघाली आणि सुमारे 34 किलोमीटर धावून ठाण्याला पोहोचली. पुढे हाच लोहमार्ग भुसावळ, मलकापूर, अकोला असा वऱ्हाडातून जात 1867 मध्ये नागपूरला भिडला.

त्या पहिल्या गाडीचा शेवटचा थांबा होता ठाणे. शिलाहार राजांच्या लेखांत या गावाचं नाव येतं 'श्रीस्थानक'. 'स्थानक' म्हणजे आज आपण रेल्वे स्टेशनसाठी वापरतो तोच शब्द. म्हणजे भारतातली पहिली प्रवासी रेल्वे ज्या गावाला गेली, त्या गावाच्या नावाचाच अर्थ स्थानक होता. रेल्वे येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून.

पोलीस स्टेशनचंही तसंच. त्याला आपण पोलीस ठाणं म्हणतो. हे भाषांतर करायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. स्टेशन आणि ठाणं, अर्थ एक आणि मूळही एक.

कुळातली माणसं

आता एस-टी जोडी असलेले आणि 'उभं राहणे' पोटात बाळगणारे काही इंग्रजी शब्द अर्थासह पाहू.

स्टेट: उभं असण्याची रीत, स्थिती, पुढे राज्य.
स्टेटस: समाजात कुठे उभे आहोत ते, दर्जा.
स्टॅच्यू: उभा केलेला पुतळा.
स्टॅट्यूट: घालून दिलेला, स्थापलेला कायदा.
स्टॅटिस्टिक्स: मुळात राज्यकारभाराची माहिती, आता आकडेवारीचं शास्त्र.
स्टेज: उभं राहण्याची जागा, रंगमंच, टप्पा.
एस्टॅब्लिश: स्थिर करणे, स्थापन करणे.
इन्स्टिट्यूट: स्थापलेली संस्था.
कॉन्स्टंट: सतत एकाच जागी उभा, स्थिर.
डिस्टन्स: दूर उभं असणं, अंतर.
ऑब्स्टॅकल: वाटेत आडवा उभा ठाकलेला, अडथळा.
डेस्टिनेशन: पक्कं ठरवलेलं ठिकाण, जिथे जाऊन थांबायचं.
सॉल्स्टिस: सूर्याचं थांबणं. 21 जूनच्या सुमारास उत्तरेकडे सरकणारा सूर्य थांबून परत फिरतो, तो दिवस.

यातल्या बऱ्याच शब्दांत एस-टी अगदी सुरुवातीला नाही, मधे आहे. आधी काहीतरी जोडलेलं आहे. आपल्याकडे उपसर्ग लागतात तसेच ते. 'सर्कमस्टन्स'मध्ये 'सर्कम' म्हणजे भोवती आणि 'स्टन्स' म्हणजे उभं असणं. भोवती जे उभं आहे ते. मराठीत 'परि' म्हणजे भोवती, 'स्थिती' म्हणजे उभं असणं: परिस्थिती. हाडन् हाड जुळतं. ग्रीकमधून आलेल्या 'सिस्टिम'मध्ये 'सिन' म्हणजे सोबत आणि पुढे उभं करण्याचा धातू. अनेक गोष्टी एकत्र उभ्या केलेली रचना. आपली 'संस्था' तशीच बनली: 'सम्' म्हणजे एकत्र, पुढे 'स्था'. मुलांना 'सर्कमस्टन्स'चं लांबलचक स्पेलिंग पाठ करायला जड जातं. परिस्थितीची फोड आधी दाखवावी, मग त्या शब्दाचे दोन तुकडे त्यांना स्वतःच दिसतात.

बाजारपेठेत 'जनरल अँड स्टेशनरी'ची दुकानं असतात. वह्या-पेन्सिलींचा स्टेशनशी काय संबंध? मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते होते. विद्यापीठांच्या गावी पुस्तकं आणि लेखनसाहित्य विकणारे मात्र एका जागी दुकान थाटून बसत. म्हणून त्यांना 'स्टेशनर', म्हणजे ठिकाणावरचा दुकानदार, हे नाव पडलं आणि त्यांच्या मालाला स्टेशनरी. 'स्थिर' या अर्थाचा 'स्टेशनरी' उच्चाराला जवळजवळ तसाच आहे. लिहिताना फरक एका अक्षराचा: शेवटून तिसरं अक्षर ई असेल तर वह्या-पेन्सिली, ए असेल तर एका जागी उभा.

गोठ्यातली गोष्ट

'स्टेबल' या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ: स्थिर, आणि घोड्यांचा तबेला. तबेला म्हणजे जनावरांची उभं राहण्याची जागा. मराठीतला 'गोठा' घ्या. तो आला 'गोष्ठ' या शब्दावरून, आणि गोष्ठ म्हणजे 'गो' अधिक 'स्था': गाई जिथे उभ्या राहतात ती जागा. पुढे माणसं एकत्र जमून बोलतात त्यालाही 'गोष्ठी' म्हणू लागले. तिथूनच आपली 'गोष्ट'. आजी रात्री सांगते त्या गोष्टीच्या मुळाशी गाई बांधलेली जागा आहे आणि त्याच्याही मुळाशी 'स्था'.

इंग्रजीत गोष्टीला स्टोरी म्हणतात. एस-टी आहे, तेव्हा तीही याच कुळातली असेल असं वाटेल. नाही. 'स्टोरी' हा 'हिस्टरी'चाच झिजलेला अवतार, सुरुवातीचा भाग गळालेला. त्या ग्रीक शब्दाचं मूळ 'जाणणे' या धातूत आहे, म्हणजे आपल्या 'विद्'मध्ये. स्टोरी ही विद्येची नातलग, आणि गोष्ट ही स्टेशनची.

कापसाच्या गावातले तीन शब्द

मलकापूर हा कापूस पिकवणारा मुलूख. बोंडं फुटली की वेचणी, मग बाजार, जिनिंगमध्ये सरकी वेगळी, रुई वेगळी, प्रेसिंगमध्ये गाठी. इथल्या वाचकाला तीन शब्द धाग्यावरून समजावता येतात.

पहिला, स्टॅमिना. खेळाडूचा दम. लॅटिनमध्ये 'स्तामेन' म्हणजे उभ्या मागावरचा ताण्याचा धागा, जो उभा असतो तो. त्याचं अनेकवचन 'स्तामिना'. आयुष्य हा एक धागा आहे, या जुन्या कल्पनेवरून त्या शब्दाला टिकण्याच्या ताकदीचा अर्थ आला. फुलातल्या पुंकेसरांनाही इंग्रजीत 'स्टेमेन' म्हणतात, ती धाग्यासारखी उभी असतात म्हणून. कपाशीचं फूल उघडून पाहा. त्यातले पुंकेसर खाली जुळून त्यांची एक नळी झालेली असते. हा शब्द स्थेच्या कुळातला.

दुसरा, स्टेपल. कापसाच्या व्यवहारात स्टेपल म्हणजे धाग्याची लांबी. सरकार हमीभाव जाहीर करतं तो मध्यम धागा आणि लांब धागा अशा वर्गांसाठी. लांब धाग्याची लांबी धरतात 29.5 ते 30.5 मिलिमीटर. हा शब्द जुन्या डच भाषेतला. तिथे 'स्टापेल'चा अर्थ खांब, आणि मालाची मोठी पेठ. पेठेत लोकरीची प्रत ठरू लागली आणि शब्द प्रतीला, मग धाग्याच्या लांबीला चिकटला असावा. स्टेशनशी त्याचा थेट संबंध नाही.

तिसरा, स्टॉप. उभं राहणं आणि थांबणं हे अर्थ इतके जवळचे, की 'स्टॉप' हा 'स्था'चा सख्खा असेल असं कुणीही म्हणेल. पण त्याचं मूळ अभ्यासक लॅटिनच्या 'स्तुप्पा'त शोधतात. स्तुप्पा म्हणजे जाडाभरडा तंतू, ज्याचा बोळा करून भोक बुजवत. बाटलीचं बूच, म्हणजे स्टॉपर, हा त्या शब्दाचा जुना अर्थ अजून सांभाळून आहे. आधी बुजवणे, मग अडवणे, मग थांबवणे. एस.टी.च्या पाटीवर 'बस थांबा' लिहिलेलं असतं. तिथला 'थांबणे' आला 'स्तंभ'वरून. खांबासारखं निश्चल होणं म्हणजे थांबणं.

दिसण्यावर जाऊ नये

'स्टॉप' आणि 'स्टोरी' आपल्याला एक धडा देतात: अक्षरं जुळली म्हणजे नातं जुळलंच असं नाही. आणखी दोन उदाहरणं.

'स्ट्रीट' आला लॅटिनच्या 'स्त्राता'वरून, म्हणजे दगड पसरून केलेला रस्ता. त्याचा भाऊ संस्कृतचा 'स्तृ', पसरणे. त्यावरून विस्तार, स्तर. म्हणून स्ट्रीट विस्ताराच्या घरचा. 'स्टार' तिसऱ्याच घरचा. आपली 'तारा' त्याची बहीण, तिने मात्र सुरुवातीचा 'स' टाकून दिला.

मराठीतही असा चकवा आहे. 'सभा स्थगित झाली' यातला 'स्थगित' स्थेचा वाटतो, पण तो 'स्थग्', झाकणे, या वेगळ्या धातूचा. निष्ठा, प्रतिष्ठा, अनुष्ठान यांत 'स्था' आहे. युधिष्ठिरातही आहे, युद्धात स्थिर राहणारा. पण श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला 'ष्ठ' निराळा. तो 'सर्वांत अधिक' सांगणारा प्रत्यय आहे.

आणि त्या प्रत्ययाचा इंग्रजी भाऊही एस-टीनेच संपतो: ई-एस-टी. लाँगेस्ट, हायेस्ट, स्वीटेस्ट. संस्कृतात 'स्वादु' म्हणजे गोड, आणि 'स्वादिष्ठ' म्हणजे सर्वांत गोड. इंग्रजीत स्वीट आणि स्वीटेस्ट. जेवताना भाजीला आपण स्वादिष्ट म्हणतो तेव्हा शेवटच्या 'ठ'चा 'ट' झालेला असतो, पण शब्द तोच. मूळ शब्द आणि प्रत्यय, दोन्ही जुळतात.

मग ओळखायचं कसं? कसोटी दुहेरी आहे. आधी अर्थ विचारायचा: या शब्दात कुणी किंवा काही उभं आहे का, स्थिर आहे का, ठेवलेलं आहे का? उत्तर 'हो' आलं तरी थांबायचं नाही. चांगल्या कोशात व्युत्पत्ती पाहायची. मराठी शब्दांसाठी कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा 1946 चा 'मराठी व्युत्पत्तिकोश' आहे. इंग्रजीच्या मोठ्या कोशांत प्रत्येक नोंदीपाशी मूळ दिलेलं असतं. पहिली कसोटी उत्साह देते, दुसरी चूक टाळते. दोन्ही हव्यात.

शिक्षकांना आणि पालकांना

मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला अनेकदा वाटतं की इंग्रजी ही परक्यांच्या कोठारातली वस्तू आहे आणि आपल्याकडे तिच्या तोडीचं काही नाही. तसं नाही. उठणे, ठेवणे, ठाणं, गोठा, गोष्ट हे शब्द त्याच्या घरात रोज वापरले जातात. त्यांच्या आधाराने इंग्रजीतले कितीतरी शब्द त्याला स्वतःच उलगडता येतील. त्यासाठी महागडं पुस्तक लागत नाही. फळ्यावर मधोमध 'स्था' लिहावं, एका बाजूला मुलांनी मराठी शब्द सांगावेत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि वर्गाने मिळून ठरवावं की कोण घरचं आणि कोण नुसतं सारखं दिसणारं.

आणि कुणी आजोबा 'ठेसन' म्हणाले, तर त्यांना दुरुस्त करू नका. त्यांना शेजारी बसवा आणि मुलांना सांगा की 'स्थान'चं 'ठाण' कसं झालं. तो धडा त्यांच्या उच्चारात आधीपासूनच आहे.